मार्चमधली पॉलिसी

फेब्रुवारी आला की आपल्याकडे शाळेच्या स्टाफरूममध्ये, पंचायत समितीत, कोर्टाच्या आवारात एकच विषय असायचा. "तुझं ऐंशी-सी किती झालं?" फेब्रुवारीच्या पगारबिलाला इन्कम टॅक्सची शीट जोडायची असते. ती शीट भरताना कळायचं की वीस-पंचवीस हजार कमी पडतायत. मग एलआयसीवाले काका घरी यायचे, पोस्टाच्या अल्पबचतवाल्या ताई फॉर्म घेऊन यायच्या, आणि मार्च संपायच्या आत कुठेतरी सही व्हायची. कुठे झाली, किती वर्षांसाठी झाली, हे नंतर कपाटातल्या फाईलला ठाऊक.

हा गजबजाट आता बराच ओसरलाय. कारण उघड आहे. नवी करपद्धत २०२० मध्ये आली, २०२३ पासून ती आपोआप लागू होणारी झाली, आणि २०२५ च्या बजेटने १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कर शून्य केला. पगारदाराला ७५ हजारांची प्रमाणित वजावट धरून पावणेतेरा लाखांपर्यंत. आपल्या गावातले बहुतेक शिक्षक, ग्रामसेवक, तलाठी, बँकेतले क्लार्क यात बसतात. पेढे वाटावेत अशीच बातमी होती ती.

पण या आनंदात एक गोष्ट निसटतेय असं मला वाटतं. ती नीट कळायला जरा मागे जावं लागेल. तेव्हा पोस्ट लांब आहे, चहा घेऊन बसा.

कर आपल्याला नवा नाही. शेतसारा होता, घरपट्टी होती, आणि दुकानदार-कारागिरांवर मोहतर्फा नावाची पट्टी होती. पण "तू वर्षाला कमावतोस किती ते सांग, त्यातला हिस्सा दे" हा प्रकार आला तो १८६० मध्ये. १८५७ च्या उठावाने इंग्रजांची तिजोरी रिकामी झाली होती. लंडनहून जेम्स विल्सन नावाचा माणूस आला, 'द इकॉनॉमिस्ट' या साप्ताहिकाचा संस्थापक. त्याने इन्कम टॅक्स आणला. २४ जुलै १८६० पासून कायदा लागू झाला, म्हणून आजही आयकर खातं २४ जुलैला आयकर दिन साजरा करतं. वर्षाला २०० ते ५०० रुपये उत्पन्न असेल तर २ टक्के, त्याच्या वर ४ टक्के. शेतीचं उत्पन्नही त्यात होतं बरं का.

विल्सन त्याच ऑगस्टमध्ये कलकत्त्यात आमांशाने वारला. कायदा लागू होऊन महिनाही झाला नव्हता. इकडे लोक चिडले होतेच. आपल्या वसईत लोकांनी कराचे फॉर्म घ्यायलाच नकार दिला, मोठा गोंधळ झाला. मद्रासचा गव्हर्नर ट्रेव्हेलियन, म्हणजे इंग्रजच, त्याने या कराविरुद्धचं आपलं मत थेट वर्तमानपत्रात छापून आणलं आणि त्यापायी त्याला परत बोलावण्यात आलं. गंमत अशी की दोनेक वर्षांनी हाच ट्रेव्हेलियन अर्थखात्याचा सदस्य होऊन परत आला आणि १८६५ मध्ये तो कर त्याच्याच कारकिर्दीत बंद झाला.

नंतरची वीस वर्षं कर येत राहिला, जात राहिला, नावं बदलत राहिला. त्यातला एक प्रकार आपल्या भागाशी जोडलेला आहे. १८७६ ते ७८ चा दुष्काळ. पुणे, सोलापूर, नगर पट्ट्यातल्या जुन्या घरांत त्याच्या गोष्टी अजून सांगतात. पुढच्या दुष्काळासाठी निधी हवा म्हणून १८७८ मध्ये व्यापाऱ्यांवर लायसन टॅक्स बसवला. सुरतेत त्यावरून दंगल झाली, गोळीबार झाला. आणि दुष्काळासाठी म्हणून गोळा केलेला पैसा अफगाण युद्धाकडे वळवला, ही टीका तेव्हाच झाली. ज्या नावाने कर घेतला त्याच कामाला तो लागला का, हा प्रश्न तेव्हापासूनचा.

आपल्या पोस्टचा खरा विषय सुरू होतो १८८६ मध्ये. त्या वर्षीचा इन्कम टॅक्स कायदा टिकला, आणि त्यातल्या कितीतरी गोष्टी आज तुमच्या-माझ्या घरात आहेत. शेतीचं उत्पन्न करातून वगळलं, कारण जमीन महसूल आधीच होता. ती सूट आजतागायत चालू आहे, आणि सातबाऱ्यावर दोन एकर नसताना लाखोंचा ऊस दाखवणारी मंडळी तिच्याच सावलीत बसलेली आहेत. एकत्र हिंदू कुटुंबाला वेगळा करदाता मानलं. आपल्या बाजारपेठेत भाऊ-भाऊ एकमेकांचं तोंड बघत नाहीत, पण एचयूएफची फाईल मात्र एकत्र नांदते, ती त्या कायद्याची कृपा. सरकारी नोकराचा कर पगार देतानाच कापायची सोय केली. म्हणजे टीडीएस. पगारदाराला पळवाट नाही हे १८८६ मध्येच ठरलंय.

आणि चौथी गोष्ट. आयुर्विम्याचा हप्ता भरलात तर उत्पन्नाच्या एक षष्ठांशापर्यंत त्या रकमेवर कर नाही. इंग्लंडात ग्लॅडस्टनने १८५३ मध्ये अशीच सूट दिली होती, ती इकडे आली. विचार साधा होता. पगारदार माणूस मेला की घर उघड्यावर येतं, त्याच्याकडे ना जमीन ना दुकान. त्याने स्वतःहून तरतूद करावी, सरकार थोडा कर सोडेल.

आता हिशेब बघा. करमाफीची मर्यादा वर्षाला ५०० रुपये होती, म्हणजे महिना साधारण ४२. महिना ५० रुपये पगाराचा कारकून वर्षाला ६०० कमावणार. रुपयाला ४ पै या दराने त्याचा कर साडेबारा रुपये. म्हणजे वर्षातला पाव पगार गेला म्हणा, एका महिन्याचा. वरून मिठावरचा कर होताच, तो तर मजुरालाही चुकत नव्हता. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १९०२ मध्ये कलकत्त्याच्या कायदेमंडळात बजेटवरचं आपलं पहिलं भाषण केलं, त्यात त्यांनी हेच दोन मुद्दे लावून धरले. मिठाचा कर उतरवा आणि प्राप्तिकराची मर्यादा ५०० वरून १००० करा. तिजोरीत शिल्लक पडतेय आणि लोक उपाशी आहेत, मग ही शिल्लक कसली, असा त्यांचा रोख होता. पुढच्याच वर्षी, १९०३ मध्ये, दोन्ही गोष्टी झाल्या. ५० रुपयेवाला कारकून करातून सुटला. गोखले स्वतः फर्ग्युसनमध्ये बेताच्या पगारावर शिकवलेला माणूस, त्यांना हा कारकून कोण ते पुस्तकातून वाचायची गरज नव्हती.

स्वातंत्र्यानंतर ही विम्याची सूट वाढत गेली, आणि तिच्यात आपल्या तीन माणसांचा हात आहे. हे फारसं कुणी एकत्र सांगत नाही म्हणून सांगतो.

पहिले सी. डी. देशमुख. महाडजवळच्या नाते गावात जन्मलेले. अर्थमंत्री असताना १९ जानेवारी १९५६ ला त्यांनी रेडिओवरून आयुर्विम्याचं राष्ट्रीयीकरण जाहीर केलं. देशी-विदेशी मिळून २४५ विमा कंपन्या आणि प्रॉव्हिडंट सोसायट्या सरकारच्या ताब्यात आल्या आणि त्यातून १ सप्टेंबर १९५६ ला एलआयसी उभी राहिली. तोपर्यंत देशमुख मंत्री राहिले नव्हते, मुंबईच्या प्रश्नावर राजीनामा देऊन ते बाहेर पडले होते. एलआयसी गावागावांत पोचली, एजंट तयार झाले. विम्याचा हप्ता सरकारी संस्थेकडे आणि त्या हप्त्यावर करसूट, अशी जोडी जमली. लोकांचा पैसा एलआयसीतून सरकारी रोख्यांत, पोस्टातून सरकारच्या तिजोरीत. म्हणजे कर सोडून सरकार तोच पैसा कर्जाऊ घेत होतं. यात वाईट काही नाही, धरणं-कारखाने त्यातूनच झाले. फक्त बचत कुठे करायची हे आपल्या घराच्या गरजेवरून ठरत नव्हतं, एवढं लक्षात ठेवा. १९६८ मध्ये पीपीएफ आला, ऐंशी-सी हे कलमही त्याच वर्षीचं.

दुसरे यशवंतराव चव्हाण. १९७० ते ७४ अर्थमंत्री. कराडच्या माणसाच्या नावावर एक नकोसा विक्रम आहे. त्यांच्या काळात वरच्या टप्प्याचा कर अधिभारासह ९७.७५ टक्क्यांवर गेला. दोन लाखांवर कमावलेल्या प्रत्येक रुपयातले सव्वादोन पैसे हातात. हे सगळे सांगतात. पण तो दर ७७ टक्क्यांवर खाली आणला तोही चव्हाणांनीच, १९७४ मध्ये, हे सांगत नाहीत. आणि त्याच बजेटमध्ये पगारदारांसाठी प्रमाणित वजावट आणली. त्याआधी प्रवासखर्च, पुस्तकं वगैरेंची वेगवेगळी वजावट असायची, ती मोडून एकच सरसकट. आज फॉर्म १६ मध्ये जे ७५ हजार वजा होतात, त्याचं मूळ ते. मधे २००५ मध्ये ती काढली होती, २०१८ ला परत आली.

त्याच १९७४ मध्ये महागाई आवरायची म्हणून वाढीव महागाई भत्त्याचा अर्धा हिस्सा सक्तीने ठेवीत टाकायचा कायदा झाला. ज्यांचे वडील तेव्हा नोकरीत होते त्यांनी विचारून बघा, अजून शिव्या घालतात.

तिसरे प्रा. मधू दंडवते. कोकणातल्या राजापूरचे खासदार, १९९० मध्ये व्ही. पी. सिंगांच्या सरकारात अर्थमंत्री. त्यांना एक गोष्ट खटकत होती. बचत उत्पन्नातून वजा होते म्हटल्यावर ५० टक्क्यांच्या टप्प्यातल्या साहेबाचे शंभर रुपयांच्या बचतीवर पन्नास वाचतात, आणि २० टक्क्यांतल्या क्लार्कचे वीस. बचत तेवढीच, बक्षीस अडीचपट. दंडवत्यांनी वजावट काढून थेट करातच सूट दिली. कलम ८८. ठरलेल्या मर्यादेपर्यंत बचत कुणाचीही असो, तिच्या २० टक्के रक्कम करातून कमी. भौतिकशास्त्राचे प्राध्यापक होते, हिशेब चोख. २००५ मध्ये चिदंबरम यांनी ते कलम बंद करून पुन्हा वजावटीची पद्धत आणली, एक लाखाच्या मर्यादेसह. २०१४ मध्ये जेटलींनी ती दीड लाख केली. आणि तिथून ती हललेली नाही. सोनं बघा, शाळेची फी बघा, दवाखाना बघा, दीड लाख तिथेच.

आता व्यवसाय कराचं सांगतो, कारण पगारपत्रकावर तो छोटा दिसतो म्हणून कुणी विचारत नाही. महिना २०० आणि फेब्रुवारीत ३००, वर्षाचे २५००. घटनेनेच कमाल मर्यादा २५०० ठेवलीय म्हणून हा आकडा. हा कर महाराष्ट्रात १९७५ ला आला तो रोजगार हमीसाठी. १९७२ च्या दुष्काळात लाखो माणसं खडी फोडत होती. सांगली जिल्ह्यातल्या वि. स. पागे यांनी रोजगार हमीची कल्पना मांडली, आणि तिला पैसा हवा म्हणून शहरातल्या-गावातल्या पगारदाराच्या, व्यावसायिकाच्या खिशातून थोडा घ्यायचा आणि तेवढाच सरकारने घालायचा असं ठरलं. १८७८ ला दुष्काळाच्या नावाने कर घेतला तो युद्धाकडे गेला. या वेळी मात्र बंधारे, रस्ते, पाझर तलाव झाले. त्यात खाबुगिरी झाली, मान्य, मी स्वतः त्याच्या बातम्या केल्यात. पण आपल्या तालुक्यातले जुने तलाव मोजा आणि मग बोला. पुढे देशाने जी मनरेगा घेतली तिचं मूळ इथलं. महिला कर्मचाऱ्यांना एप्रिल २०२३ पासून २५ हजार पगारापर्यंत हा कर माफ आहे.

तर आता मूळ मुद्द्यावर.

१८८६ पासून सरकार पगारदाराला एकच गोष्ट सांगत आलं. बाजूला टाक, मी थोडा कर सोडतो. आपल्या वडिलांच्या पिढीने ते ऐकलं. त्यांच्या पॉलिसी, एनएससी, पीएफ यातून मुलींची लग्नं झाली, स्लॅब पडले. पण एक खोड लागली. बचत ही करासाठी करायची गोष्ट झाली. पॉलिसी घेताना "मी गेलो तर घरच्यांना किती लागतील" हा प्रश्न कुणी विचारला नाही, "टॅक्स किती वाचेल" एवढाच विचारला. म्हणून घरात चार-चार पॉलिसी असूनही माणूस अचानक गेल्यावर हातात काय येतं? वर्षाला २४ हजार हप्त्याची वीस वर्षांची नेहमीची बचतीची पॉलिसी घ्या, विमा रक्कम ढोबळमानाने पाच लाखांच्या आसपास. साठ हजार पगाराच्या घराला ते आठ महिने पुरतील. ज्या हेतूने ती सूट १८८६ मध्ये ठेवली होती, तोच हेतू मार्चच्या घाईत हरवला. एजंटला दोष देऊन उपयोग नाही, त्याने जे मागितलं ते विकलं.

आता सरकारने सांगणंच थांबवलंय. नव्या पद्धतीत ऐंशी-सी नाही. जुनी पद्धत आहे, पण ती मुद्दाम निवडावी लागते आणि पावणेतेरा लाखांच्या आतल्या पगारदाराने ती निवडायचं कारणच उरलेलं नाही. १ एप्रिल २०२६ पासून तर १९६१ चा कायदा जाऊन नवा प्राप्तिकर कायदा आला, ऐंशी-सी हे कलमसुद्धा १२३ झालं. नाव पुसलं गेलं म्हणजे सवयही पुसली जाणार.

एक उदाहरण घेऊ. ८० हजार पगाराचा शिक्षक, वर्षाचे ९ लाख ६० हजार. २०२२-२३ मध्ये जुन्या पद्धतीत दीड लाखाची बचत, ५० हजारांची प्रमाणित वजावट आणि व्यवसाय कर वजा करून त्याला सेससह साधारण साडेसहासष्ट हजार कर बसायचा. आज तेवढ्याच पगारावर शून्य. म्हणजे महिना साडेपाच हजार जास्त हातात. शिवाय जी दीड लाखाची बचत कराच्या धाकाने व्हायची, महिना साडेबारा हजार, तिचाही धाक गेला. महिना अठरा हजारांचा निर्णय पहिल्यांदाच त्या घराच्या हातात आलाय.

ते अठरा हजार कुठे चाललेत? आपल्या बायपासवरची गाड्यांची शोरूम आणि मोबाईलच्या दुकानातले हप्त्यांचे बोर्ड बघितले तरी अंदाज येतो.

आणि हे नेमकं कुणाच्या बाबतीत घडतंय बघा. १ नोव्हेंबर २००५ नंतर नोकरीला लागलेल्यांना जुनी पेन्शन नाही. मार्च २०२३ चा सात दिवसांचा संप याचसाठी होता. नंतर सरकारने सुधारित पर्याय पुढे केले, त्यावर वाद चालू आहेत, ती वेगळी पोस्ट. २००६ मध्ये पंचविसाव्या वर्षी लागलेला गुरुजी २०३९ मध्ये ५८ व्या वर्षी निवृत्त होईल. त्याच्या वडिलांना पेन्शनही होती आणि करासाठी सक्तीने केलेली बचतही होती. याच्याकडे पहिली गोष्ट आधीच पातळ झालीय, आणि दुसरी आता सुटतेय. खाजगी पतसंस्थेतला क्लार्क, कारखान्यातला फिटर यांचं तर विचारूच नका, त्यांच्याकडे पीएफच्या पलीकडे काही नाही.

म्हणून दोन-चार गोष्टी, ज्या लोक मला रस्त्यात थांबवून विचारतात.

नवी पद्धत घेतली म्हणून पीपीएफ बंद करू नका. भरताना वजावट मिळत नाही एवढंच, व्याज आणि शेवटी मिळणारी रक्कम दोन्ही पद्धतींत करमुक्त आहे. वाचलेले साडेपाच हजार दरमहा त्यात टाकले आणि आताचं ७.१ टक्के व्याज तसंच राहिलं असं धरलं, तर तेरा वर्षांनी तेरा लाखांच्या वर जातात. एनपीएसमध्ये मालकाकडून, म्हणजे सरकारकडून किंवा संस्थेकडून जो हिस्सा भरला जातो, त्याची १४ टक्क्यांपर्यंतची वजावट नव्या पद्धतीतही आहे. तुमच्या खात्यावर तो हिस्सा दरमहा खरंच जमा होतोय का ते तपासा, आपल्याकडे ही तक्रार जुनी आहे. चालू असलेल्या जुन्या पॉलिसी रागाच्या भरात मोडू नका, सरेंडरला किती मिळतात ते आधी शाखेत जाऊन लेखी घ्या. विमा हवा असेल तर निव्वळ विम्याची, म्हणजे टर्म पॉलिसी वेगळी बघा. पगाराच्या दहा-पंधरा पट संरक्षण त्यातच परवडतं.

जुनी की नवी, हे पगारदाराला दर वर्षी बदलता येतं. घरकर्जाचं मोठं व्याज आणि घरभाडं दोन्ही असेल आणि पगार पंधरा लाखांच्या पुढे असेल तर दोन्ही हिशेब करून बघा. धंदेवाल्यांना मात्र अशी दरवर्षी उडी मारता येत नाही. त्यांनी आपल्या सीएला विचारूनच पाऊल टाकावं.

आणि तरुण शिक्षकांनो, मोबाईलवर शेअर घेता-विकता ना? १२ लाखांच्या शून्य कराची सवलत शेअरच्या नफ्यावरच्या खास दराच्या कराला लागू होत नाही. पगारावर शून्य असलं तरी तिथे कर निघू शकतो, आणि त्याची सगळी माहिती खात्याकडे आधीच पोचलेली असते.

ता. क. व्यवसाय कराचे २५०० जुन्या पद्धतीत उत्पन्नातून वजा व्हायचे. नव्या पद्धतीत ती वजावट नाही. फेब्रुवारीचे ३०० मात्र कापले जाणारच आहेत.